विश्लेषण : शिकारी कुत्र्याच्या गळ्यात रिमोटचा पट्टा... चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात त्याचे काम काय?

मोबाइलवर खरेदीचे ॲप उघडून 'डॉग ट्रेनिंग कॉलर' शोधले, की आतल्या बाजूला दोन बोथट टोके असलेला काळा पट्टा आणि मुठीत मावेल एवढा रिमोट समोर येतो. जाहिरातीत बहुधा दाट जंगल असते आणि त्यात सावजामागे धावणारा कुत्रा. किंमत काही हजारांच्या आत असल्याने अनेकांना हे उपकरण परवडते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत शेतराखणीला, गुरांमागे आणि मोहफुलांच्या हंगामात सोबतीला घरोघरी कुत्रा असतो. काही ठिकाणी तो सशामागे किंवा रानडुकरामागेही सोडला जातो. त्यामुळे हा पट्टा येथे कितपत उपयोगी, निवडताना काय पाहायचे, शॉक देणे योग्य का आणि मुख्य म्हणजे कायदा काय सांगतो, हे समजून घेणे गरजेचे आहे.

हे पट्टे किती प्रकारचे?

बाजारात एकाच नावाखाली तीन वेगवेगळी उपकरणे विकली जातात. पहिला प्रकार रिमोटवर चालणाऱ्या पट्ट्याचा. रिमोटवरील बटण दाबले की पट्ट्यातून बीप वाजते, मोबाइलसारखे कंपन होते किंवा मानेवरील दोन धातूच्या टोकांमधून विजेचा झटका बसतो. झटक्याची तीव्रता कमी-जास्त करता येते. दुसरा प्रकार भुंकण्यावर चालणारा. त्यात रिमोट नसतो. कुत्रा भुंकला की पट्टा आपोआप कंपन किंवा झटका देतो. तिसरा प्रकार कुत्रा कुठे आहे ते सांगणाऱ्या जीपीएस पट्ट्याचा. काही महागड्या पट्ट्यांत पहिला आणि तिसरा प्रकार एकत्र असतो.

हे तंत्रज्ञान नवे नाही. अमेरिकेत शिकारी कुत्र्यांसाठी असे पट्टे बनवणारी 'ट्राय-ट्रॉनिक्स' ही कंपनी १९६८ मध्ये सुरू झाली. जीपीएस उपकरणे बनवणाऱ्या 'गार्मिन'ने २०११ मध्ये ती विकत घेतली. तेथे परवाना घेऊन कुत्र्यांसह शिकार करणे कायदेशीर आहे. सावजामागे काही किलोमीटर निघून गेलेल्या कुत्र्याला परत बोलावणे, ही तेथील शिकाऱ्यांची गरज होती आणि पट्टा त्या गरजेतून घडला. भारतात ती गरजच कायद्यात बसत नाही. जाहिरातीत मात्र याचा उल्लेख नसतो.

कुत्रा पाळणे गुन्हा नाही, मग अडचण कुठे?

कोणत्याही जातीचा कुत्रा पाळणे, त्याला शिकवणे, त्याच्या गळ्यात पट्टा बांधणे यावर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये बंदी नाही. अडचण सुरू होते ती तो कुत्रा वन्यप्राण्यामागे सोडल्यावर. या कायद्याच्या कलम २ मधील 'शिकार' या शब्दाची व्याख्या अनेकांना वाटते त्यापेक्षा बरीच व्यापक आहे. प्राणी मारणे किंवा विष घालणे एवढ्यापुरती ती मर्यादित नाही. पकडणे, फासात अडकवणे, सापळा लावणे, हाका करून हुसकावणे, आमिष दाखवणे हेही शिकारच. कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात याच यादीत 'कोर्सिंग' असा शब्द आहे. त्याचा रूढ अर्थच कुत्र्यांकरवी सावजाचा पाठलाग करणे असा आहे. शिवाय यातील प्रत्येक कृतीचा प्रयत्नही शिकारीतच मोडतो.

याचा सरळ अर्थ असा, की कुत्रा सशामागे सोडला आणि ससा निसटला, तरी गुन्हा घडू शकतो. 'काहीच मिळाले नाही' हा बचाव ठरत नाही. शिकारीसाठी वापरलेले वाहन, हत्यार, सापळा आणि इतर साधने जप्त होऊ शकतात. अशा प्रकरणात कुत्र्याच्या गळ्यातला रिमोटचा पट्टा किंवा जीपीएस पट्टा तपास अधिकाऱ्याच्या दृष्टीने पुरावा ठरू शकतो. पट्ट्याच्या ॲपमध्ये कुत्र्याने कुठून कुठे धाव घेतली त्याचा नकाशा वेळेसह साठलेला असतो, हेही लक्षात घ्यावे लागते.

शिक्षा किती? २०२२ च्या दुरुस्तीनंतरचा सुधारित कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. त्यानुसार सर्वसाधारण गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. प्राणी अनुसूची एकमधील असेल किंवा शिकार अभयारण्यात अथवा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान तीन ते कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. ताडोबा, चपराळा किंवा भामरागड अभयारण्याच्या हद्दीत मारलेला प्राणी साधा ससा असला, तरी ही जबर शिक्षा लागू होते.

पारधीची परंपरा आणि वनहक्क कायदा

गडचिरोलीतील माडिया आणि गोंड समाजात सामूहिक पारधीची जुनी परंपरा आहे. धनुष्यबाण, जाळी आणि कुत्रे ही तिची साधने. वनहक्क कायदा, २००६ आल्यानंतर अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) हे गाव तर २००९ मध्ये असे हक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक. त्यामुळे 'जंगल आता आमचे, मग पारधही आमची' असा समज काही ठिकाणी आढळतो.

कायद्याचे शब्द वेगळे आहेत. वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये गौण वनोपज गोळा करणे, वापरणे आणि विकणे, मासेमारी, गुरेचराई, जंगलाचे संरक्षण व व्यवस्थापन असे हक्क मोजून दिले आहेत. यादीच्या शेवटी इतर पारंपरिक हक्कही मान्य केले आहेत. मात्र त्याच वाक्यात वन्यप्राण्यांची शिकार करणे, त्यांना सापळ्यात पकडणे किंवा त्यांच्या शरीराचा भाग काढून घेणे हा पारंपरिक हक्क स्पष्टपणे वगळला आहे. बांबू, तेंदूपत्ता आणि मोहफुलांवर ग्रामसभेचा हक्क आहे. सशावर आणि रानडुकरावर नाही.

रानडुकरांनी पीक नासवले तर?

या भागातील शेतकऱ्यांचा खरा राग इथेच आहे. धानाचे उभे पीक एका रात्रीत डुकरांचा कळप लोळवून जातो. कुत्रा पाळण्यामागे हेच कारण अनेकदा असते. कायद्यात यासाठी वाट आहे, पण ती अरुंद आहे. कलम ११ नुसार अनुसूची दोनमधील एखादा प्राणी माणसाच्या जीविताला किंवा उभ्या पिकांसह मालमत्तेला धोकादायक झाल्यास त्याच्या शिकारीला परवानगी देता येते. ती मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी देतो. आदेश लेखी असावा लागतो आणि त्यात कारणे नमूद करावी लागतात. तोंडी 'चालेल' याला किंमत नाही.

स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने वन्यप्राणी मारला वा जखमी केला गेला, तर तो गुन्हा ठरत नाही. पण आधीच कुठला तरी गुन्हा करत असलेल्या व्यक्तीला ही सवलत मिळत नाही. म्हणजे शिकारीसाठी कुत्रे घेऊन गेलेल्या माणसावर डुक्कर उलटले आणि त्याने ते मारले, तर त्याला स्वसंरक्षणाची ढाल वापरणे कठीण.

शेताच्या बांधाच्या आत राहून भुंकणारा, डुकरांना बाहेरच रोखणारा राखणदार कुत्रा आणि जंगलात डुकरामागे सोडलेला कुत्रा यांत म्हणूनच मोठा फरक आहे. पहिला शेतकऱ्याचा मित्र. दुसरा त्याला न्यायालयात नेऊ शकतो.

शिकारी कुत्रे आणले, तेव्हा काय झाले?

विदर्भाला याचा अनुभव आहे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवडा परिसरात १३ जणांच्या मृत्यूला कारणीभूत मानल्या गेलेल्या टी-१ म्हणजेच 'अवनी' वाघिणीचा २०१८ मध्ये शोध सुरू होता. हत्ती, कॅमेरा ट्रॅप, ड्रोन असे सर्व उपाय झाल्यावर ऑक्टोबरमध्ये 'केन कोर्सो' या मोठ्या इटालियन जातीचे दोन खासगी कुत्रे माग काढण्यासाठी आणले गेले. त्यांचा वाघिणीचा शोध घेण्यात उपयोग झाला नाही. उलट याच मोहिमेसाठी आणलेला एक हत्ती सुटला आणि त्याने केलेल्या हल्ल्यात गावातील एका महिलेचा जीव गेला. वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळीने मारली गेली.

या घटनेतून निघणारा धडा पट्ट्यांच्या चर्चेतही लागू पडतो. ताकदवान, अनोळखी मुलखात आणलेला प्राणी हाताबाहेर गेला, तर धोका सर्वात आधी आसपासच्या माणसांना असतो. महागडे उपकरण किंवा परदेशी जात ही शिस्तीची जागा घेऊ शकत नाही.

वन खात्याची श्वान पथके मात्र वेगळ्या वाटेने घडवली जातात. 'ट्रॅफिक' या संस्थेने २००८ मध्ये भारतात वन्यजीव गुन्हे शोधणाऱ्या श्वानांचा कार्यक्रम सुरू केला. या श्वानांना आणि त्यांच्या हस्तकांना टेकनपूर येथील सीमा सुरक्षा दल किंवा पंचकुला येथील आयटीबीपीच्या केंद्रात अनेक महिने प्रशिक्षण मिळते. वाघ-बिबट्याची कातडी, हाडे यांचा वास शोधला की शाबासकी, खेळणे किंवा खाऊ, अशी इनामाची पद्धत त्यात वापरतात. काम करताना श्वान हस्तकाच्या दोरीला असतो. ज्यांना जंगलात कुत्रा वापरण्याचा अधिकार आहे, ते त्याला मोकळा सोडत नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

झटका : उपयोग की छळ?

झटक्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा एका वाक्यात असा : जीव वाचवायचा असेल तर क्षणभर दुखलेले चालते. या मुद्द्याला थोडा आधारही आहे. न्यूझीलंडमध्ये उडता न येणारा किवी पक्षी कुत्र्यांच्या तावडीत सहज सापडतो. त्यामुळे तेथील संवर्धन विभागाच्या देखरेखीखाली शिकारी कुत्र्यांना किवीपासून दूर राहण्याचे प्रशिक्षण देतात आणि त्यात इलेक्ट्रॉनिक पट्टा वापरतात. पण तेथे पट्टा प्रमाणित प्रशिक्षकाच्या हातात असतो, प्रयोग मोजका असतो आणि हेतू वन्यजीवापासून कुत्र्याला दूर ठेवण्याचा असतो. शिकारीला मदत करण्याचा नसतो.

विरोधातले पुरावे जास्त आहेत. नेदरलँड्समध्ये २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झटके देऊन शिकवलेल्या राखणदार कुत्र्यांत प्रशिक्षणाच्या जागेबाहेरही ताणाची लक्षणे दिसली. हस्तक समोर आला तरी ते दबून वागत. ब्रिटनमध्ये लिंकन विद्यापीठाच्या संशोधकांनी सरकारी निधीतून ६३ कुत्र्यांवर अभ्यास केला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गुरांमागे धावणे, हाकेला न येणे अशा तक्रारी असलेले हे कुत्रे होते. झटक्याच्या पट्ट्याने शिकवलेल्यांना इनामाने शिकवलेल्यांपेक्षा ठोस फायदा झाल्याचे आढळले नाही. ताण मात्र दिसला. २०२० मध्ये त्याच माहितीवर झालेल्या पुढील विश्लेषणात हाकेला प्रतिसाद देण्यात इनामाची पद्धत सरस ठरली.

झटका फसतो कुठे, तर वेळेत. कुत्रा जे पाहत असतो त्याच्याशी तो दुखणे जोडतो. मालकाने बटण दाबले तेव्हा समोर डुक्कर असेल असे नाही. वासरू, शेजाऱ्याचे पोर किंवा दुचाकी असू शकते. मग कुत्रा त्यांनाच घाबरू लागतो किंवा त्यांच्यावर धावून जातो. दाट झुडपात कुत्रा दिसत नसताना दाबलेले बटण म्हणजे अंधारात मारलेला दगड. समोर अस्वल किंवा रानडुक्कर असताना बसलेला झटका तर कुत्र्याला आणखी चवताळू शकतो किंवा गोंधळलेला कुत्रा नको त्या दिशेला पळतो.

वेल्सने २०१० मध्ये झटक्याच्या पट्ट्यांवर बंदी घातली. युरोपातील काही देशांतही ते बंद आहेत. इंग्लंडमध्ये असाच प्रस्ताव २०२३ मध्ये पुढे आला, पण तो २०२४ च्या निवडणुकीआधी मार्गी लागला नाही. भारतात प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये या पट्ट्यांचा नावाने उल्लेख नाही. मात्र कलम ११ नुसार प्राण्याला अनावश्यक वेदना देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठीचा दंड आजही फक्त १० ते ५० रुपये आहे. दंड लहान आहे म्हणून कृती योग्य ठरत नाही.

जीपीएस पट्टा इथे चालेल का?

हरवलेला कुत्रा शोधणे हा पट्ट्याचा निर्विवाद उपयोग. पण इथेही जाहिरात आणि जमीन यांत अंतर आहे. स्वस्त जीपीएस पट्टे सिम कार्डवर चालतात. पट्ट्याला आपली जागा उपग्रहावरून कळते, पण ती मालकाच्या मोबाइलवर पाठवायला मोबाइल नेटवर्क लागते. चंद्रपूर शहरालगत ते मिळेल. भामरागड, एटापल्लीच्या आतल्या गावांत नेटवर्क नसेल, तर पट्टा मुका होतो.

परदेशी शिकारी पट्टे नेटवर्कशिवाय, थेट रेडिओ लहरींवर चालतात. अमेरिकेत विकले जाणारे अनेक पट्टे १५१ ते १५४ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात काम करतात. तेथे ती वारंवारता विनापरवाना खुली आहे. भारतात नाही. आपल्याकडे कमी शक्तीच्या उपकरणांसाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ, २.४ गिगाहर्ट्झ अशा ठरावीक वारंवारता खुल्या आहेत आणि आयात उपकरणाला दूरसंचार विभागाच्या 'डब्ल्यूपीसी' शाखेची मान्यता लागते. ओळखीच्या माणसाकरवी परदेशातून मागवलेला पट्टा म्हणूनच अडचणीत आणू शकतो. त्यात माओवादी चळवळीमुळे वर्षानुवर्षे सुरक्षा दलांची गस्त पाहिलेल्या गडचिरोलीत अँटेना असलेले वायरलेससारखे यंत्र घेऊन जंगलात फिरणे शहाणपणाचे नाही.

पल्ल्याचाही हिशेब करावा. खोक्यावर लिहिलेले '८०० मीटर' हे मोकळ्या, सपाट मैदानातले असते. सागाच्या आणि बांबूच्या जंगलात, ओढ्या-नाल्यांत, पावसाने भिजलेल्या पानोळ्यात सिग्नल त्याच्या कितीतरी आधी तुटतो.

घ्यायचाच असेल, तर काय पाहावे?

शेतराखण, गुरे राखणे किंवा घरचा कुत्रा रस्त्यावर व जंगलात पळू नये, एवढ्या कामासाठी बीप आणि कंपन देणारा पट्टा पुरतो. निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

झटका पूर्ण बंद ठेवता येतो का : काही रिमोटवर कंपन आणि झटक्याची बटणे शेजारी असतात. घाईत चुकीचे दाबले जाते. झटका नसलेला किंवा तो कुलूपबंद करता येणारा पट्टा घ्यावा. भुंकण्यावर झटका देणारा पट्टा तर राखणदार कुत्र्याला कधीच घालू नये. भुंकणे हेच त्याचे काम आहे.

वजन आणि माप : गावठी कुत्रा अंगाने सडपातळ आणि आखूड केसांचा असतो. मोठ्या परदेशी जातींसाठी बनवलेला जड डबा आणि लांब टोके त्याच्या मानेला काचतात. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे सहज जावीत.

पाणी : भातशेतीत आणि पावसाळ्यात वापर होणार असेल, तर 'आयपीएक्स ७' किंवा 'आयपी ६७' अशी खूण पाहावी. याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिला तरी उपकरण टिकते.

उन्हाळा : चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लिथियम बॅटरीचे उपकरण उन्हात ठेवू नये, गरम असताना चार्ज करू नये. पट्ट्याखाली धूळ साठून जखम होते, तीत उन्हाळ्यात अळ्याही पडतात. पट्टा सलग आठ तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि रोज संध्याकाळी मान तपासावी.

बिल आणि मान्यता : वारंवारता, आयातदाराचे नाव आणि पत्ता खोक्यावर नसेल, तर उपकरण टाळावे.

शिकवायचे कसे?

पट्टा बांधला की कुत्रा शिकला, असे होत नाही. आधी काही दिवस पट्टा बंद ठेवून नुसता घालावा, म्हणजे कुत्रा त्याला सरावतो. मग घराच्या अंगणात, कुत्रा शांत असताना बीप वाजवावी आणि लगेच भाकरीचा तुकडा किंवा त्याला आवडणारे काही द्यावे. दिवसातून दोन-तीनदा, पाच-पाच मिनिटे पुरेत. बीप ऐकताच कुत्रा मालकाकडे मान वळवू लागला, की पुढची पायरी. आठ-दहा मीटरच्या दोरीवर त्याला शेतात न्यावे, बीप द्यावी, आला की शाबासकी द्यावी. आला नाही तर दोरीने हळूच जवळ घ्यावे, रागावू नये. कुत्रा दोरीवर दहापैकी नऊ वेळा येत असेल, तरच दोरी सोडावी आणि तीही बांधाच्या आत.

कंपनही असेच शिकवावे. काही कुत्रे कंपनाला दचकतात. कान मागे घेणे, शेपटी पोटाशी घेणे, लपणे अशी लक्षणे दिसली, तर फक्त बीप ठेवावी. लहान पिल्लाला, आजारी किंवा गाभण कुत्रीला पट्टा लावू नये. आणि बोलावल्यावर उशिरा आलेल्या कुत्र्याला कधीही मारू नये. मार खाल्लेला कुत्रा पुढच्या वेळी आणखी उशिरा येतो.

कुत्र्याला जंगलापासून दूर का ठेवावे?

यामागे माणसाचा, कुत्र्याचा आणि वन्यजीवाचा असा तिहेरी जीव आहे. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले आणि मे महिन्यात तेंदूपत्ता गोळा करायला लोक पहाटे जंगलात जातात. सोबत गेलेला मोकळा कुत्रा झुडपात शिरतो, वाघाला किंवा पिल्लांसह असलेल्या अस्वलाला डिवचतो आणि घाबरून मालकाकडे पळत येतो. त्याच्यामागे तो प्राणीही येऊ शकतो. अशा वेळी रिमोटचे बटण कुणाला आठवत नाही.

बिबट्याचे तर कुत्रा हे आवडते भक्ष्य. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्यांच्या आहाराच्या वजनापैकी सुमारे ३९ टक्के वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा आढळला होता. रात्री अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला घरापर्यंत दिलेले आमंत्रण. त्यापेक्षा दार लागणारा गोठा किंवा जाळीचे खुराडे हा पट्ट्याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. गुजरातमधील गीरमध्ये २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये २० हून अधिक सिंह दगावले. त्यातील काहींत 'कॅनाइन डिस्टेम्पर' या विषाणूचा संसर्ग आढळला. हा रोग कुत्र्यांतही असतो. ताडोबात वाघांसोबत रानकुत्र्यांचेही कळप आहेत. जंगलात फिरणारा, लस न दिलेला एक कुत्रा त्यांच्यापर्यंत रोग नेऊ शकतो. डिस्टेम्पर आणि पार्व्होची एकत्रित लस तसेच रेबीजची लस वेळेवर देणे ही म्हणूनच जंगलालगतच्या प्रत्येक कुत्रेवाल्याची पहिली जबाबदारी. पट्ट्याला जायचे पैसे आधी लशीला जावेत.

पट्टा जीव वाचवतो का?

याचे उत्तर याच भागातील वाघांनी दिले आहे. 'जय' वाघाचा पुत्र 'श्रीनिवास' याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. एप्रिल २०१७ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड परिसरात शेताच्या कुंपणात सोडलेल्या विजेने तो मेला. आधी त्याची कॉलर सापडली, नंतर पुरलेला देह. त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण ब्रह्मपुरीतून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली टी-२७ सी-१ ही वाघीण ऑक्टोबरमध्ये वर्धा जिल्ह्यात विजेच्या तारेलाच बळी पडली. तिच्याही गळ्यात कॉलर होती. खुद्द 'जय' तर कॉलरसह २०१६ मध्ये बेपत्ता झाला.

लाखो रुपयांची, वन खात्याचे पथक मागावर असलेली कॉलर प्राणी कुठे आहे एवढेच सांगू शकली. त्याच्या वाटेतली तार ती काढू शकली नाही. काही हजारांचा पट्टा कुत्र्यासाठी त्याहून अधिक काही करेल, ही अपेक्षा फोल आहे. डुकरांसाठी लावलेली विजेची तार, फास आणि बिबट्या हे तिन्ही धोके त्या कुत्र्याच्या वाटेत तसेच असतात.

चंद्रपूर-गडचिरोलीत इलेक्ट्रॉनिक पट्ट्याला जागा आहे, पण ती जाहिरातीत दाखवलेली नाही. कुत्र्याला सावजापर्यंत नेण्यासाठी तो वापरला तर मालक गुन्हेगार ठरतो. बांधाच्या आत, हाकेच्या अंतरात आणि झटक्याशिवाय वापरला तर तो एक साधी घंटा आहे. ती घंटा वाजल्यावर कुत्रा परत यायचा असेल, तर त्याआधीचे काही आठवडे भाकरीचा तुकडा हातात घेऊन शिकवण्यात घालवावे लागतात.